निव्वळ वजन

वजनकाट्यावर चढण्याआधी निरीक्षकबाई चपला काढत, कानातली काढत, केसांतला चिमटासुद्धा काढून ठेवत आणि मग डोळे घट्ट मिटून घेत. चिमट्याचं वजन ते काय! पण बुडत्याला काडीचा आधार. डोळे मिटूनच त्या काट्यावर पाय ठेवत, होता नव्हता तेवढा श्वास सोडून देत, पोट आत ओढत आणि मग एकच डोळा किलकिला करून खाली बघत. पोट आत ओढल्यानं वजन कमी होत नाही, हे त्यांच्याइतकं गावात दुसऱ्या कुणाला ठाऊक असणार? बाई वजनमापे खात्यात निरीक्षक होत्या.

साध्यासुध्या निरीक्षक नव्हेत. त्या रस्त्याच्या टोकाला दिसल्या की बाजारातले काटे आपोआप शुद्धीवर येत. दुकानात शिरल्यावर त्यांचं पहिलं वाक्य ठरलेलं असे, "आधी रिकामा काटा दाखवा." रिकामा काटा शून्यावर नसला तर पुढचं ऐकून घ्यायची सोय नाही. बेकरीवाल्यानं एकदा केक खोक्यासकट तोलला, तर त्याला भर दुकानात गिऱ्हाइकांसमोर ऐकवलं होतं, "गिऱ्हाईक केक खातं, खोकं खात नाही. डबा असो, खोकं असो, पिशवी असो, ती वजा करायची आणि निव्वळ वजन सांगायचं. कळलं?" बेकरीवाला तेव्हापासून बाईंना बघितलं की खोकं लपवायचा.

अशा या बाई बाळंत झाल्या, आणि चार महिने झाले तरी अंगावर चढलेलं वजन जागचं हलेना.

"अंगावर पाजतेस ना? मग वजन आपोआप उतरतं," असं एकजात सगळ्यांनी सांगितलं होतं. शेजारणीनं सांगितलं, सुईणीनं सांगितलं, आणि नणंदेनं तर फोन करकरून सांगितलं. "वहिनी, माझं इतकं झरझर उतरलं की बोटातली अंगठी सैल झाली! तुझं किती उतरलं गं?"

बाईंची अंगठी साबण लावल्याशिवाय निघत नव्हती. पाजत तर त्या होत्याच. बाळाला घरात 'साहेब' म्हणत, कारण त्याचा आवाज आला की नवरा, सासू-सासरे आणि त्या स्वतः, चौघंही हातातलं काम टाकून उभी राहत. साहेब पोटभर पीत, ढेकर देत आणि झोपत. मग बाईंना अशी भूक लागे की स्वयंपाकघरात जे दिसेल ते पोटात जाई. साहेबांच्या पोटात जाणारं एक वाटी, आणि बाईंच्या पोटात जाणारं चार वाट्या. हा हिशेब कुठल्याही निरीक्षकाला कळला असता.

रजा संपत आली होती. एके दिवशी बाईंनी कपाटातून खात्याची पँट काढली आणि घालून बघितली. ती गुडघ्यापर्यंत आनंदानं आली, पुढे नाखुशीनं आली आणि नंतर आलीच नाही. बाजार आपल्याला बघून काय म्हणेल, या विचारानं त्या पलंगावर बसून घळाघळा रडल्या. ज्यांनी जन्मभर दुसऱ्यांची वजनं तपासली, त्यांनाच स्वतःचं आवरत नाही म्हणजे काय! त्याच रात्री जेवताना त्यांनी ताट बाजूला सारलं आणि एक काकडी हातात घेतली.

"अगं, दूध पाजतेस. काकडीवर कसं भागेल?" सासूबाई म्हणाल्या. त्या निवृत्त शिक्षिका होत्या आणि काकडीकडे नापास मुलाकडे बघावं तशा बघत होत्या.

"भूकच नाही हो आई," बाई म्हणाल्या. त्याच क्षणी त्यांचं पोट असं गुरगुरलं की सासऱ्यांनी वाकून टेबलाखाली मांजर आहे का ते बघितलं.

आणि काय आश्चर्य! वजन उतरू लागलं. पहिल्या दिवशी थोडं, दुसऱ्या दिवशी आणखी थोडं. न्हाणीघराबाहेरच्या बोळकांडीत ठेवलेल्या त्या गोल काट्यावरून बाई नाचतच उतरत. पँट अजून तिथंच अडत होती खरी, पण पँटचं काय, काटा खोटं बोलत नाही. नवराही कौतुक करी. तो पियानो सुरात लावून द्यायचं काम करी आणि मुळात बेताचंच बोलत असे, पण हल्ली रोज सकाळी न चुकता विचारी, "मग? आज किती?"

शनिवार उजाडला. शनिवार हा साहेबांच्या वजनाचा दिवस. साहेब काट्यावर एकटे बसत नसल्यामुळे बाईंनी आपली खात्याची रीत घरी आणली होती. आधी एकटीनं उभं राहायचं, मग साहेबांना घेऊन उभं राहायचं आणि पहिला आकडा दुसऱ्यातून वजा करायचा.

"म्हणजे तू डबा आणि हा माल," सासूबाई दर शनिवारी हसत.

त्या सकाळी बाई एकट्या काट्यावर चढल्या. काटा कालच्याच आकड्यावर होता. आठवडाभर काकडी खाऊन आज एवढंसुद्धा उतरू नये? त्यांनी असा उसासा सोडला की तो घरभर ऐकू गेला. तेवढ्यात साहेबांनी दुपटं भिजवून घेतलं. ते बदलणं, पुसणं, पावडर लावणं, पुन्हा दुपटं भिजणं, पुन्हा बदलणं यात बराच वेळ गेला. मग साहेबांना कडेवर घेऊन बाई पुन्हा काट्यावर चढल्या, सवयीनं डोळे मिटून. आकडा बघितला आणि वजाबाकी केली.

साहेब गेल्या शनिवारपेक्षा अडीच किलोंनी घटले होते.

बाईंनी वजाबाकी पुन्हा केली. बोटांवर केली, मग नवऱ्याकडून करवून घेतली. उत्तर बदलेना.

"माझ्या काकडीनं घात केला!" त्या ओरडल्या. "माझं दूध आटलं! लेकराच्या तोंडचा घास काढून मी पँटच्या मागे लागले!"

नवरा पांढराफटक पडला. "अगं, मी काय म्हणतो, तो काटा..."

"काट्याला नाव ठेवू नका!" बाई कडाडल्या. "चोरी पकडली गेली की प्रत्येक दुकानदार हेच म्हणतो!"

सासूबाईंनीही काहीतरी सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. सासरे भिंतीकडे बघत मिशा ओढत राहिले. तिघांच्याही तोंडावर जे भाव होते ते बाईंना दुःखाचे वाटले, आणि ते दुःखाचे होतेही, पण त्यात आणखी काहीतरी मिसळलेलं होतं. घरात साहेब तेवढे मजेत होते. ते आपल्या पायाचा अंगठा तोंडात घालायच्या खटपटीत होते.

सगळी वरात बालरोगतज्ज्ञ बाईंकडे निघाली. पुढे साहेबांना छातीशी धरून निरीक्षकबाई, मागे दुपट्यांची पिशवी घेतलेला नवरा, त्याच्यामागे देवाचं नाव पुटपुटणाऱ्या सासूबाई आणि सगळ्यात शेवटी, एका हातात छत्री आणि दुसऱ्या हातात पाण्याची बाटली घेतलेले सासरे. छत्री कशाला घेतली हे त्यांनाही सांगता आलं नसतं. डॉक्टरबाईंच्या दारात लोकांनी न विचारताच वाट सोडली.

"अडीच किलो?" डॉक्टरबाई म्हणाल्या. "आठवड्यात? बघू तरी इकडे."

त्यांनी साहेबांना पाळण्यासारख्या काट्यात ठेवलं. साहेबांनी आधी डॉक्टरबाईंची कानातली कुडी ओढली, मग काट्यावरच कार्यभाग उरकला. डॉक्टरबाईंनी आकडा बघितला, चष्मा वर केला आणि पुन्हा बघितला.

"घटलं कोण म्हणालं? चांगला वाढलाय की. याच्या मांड्यांच्या वळ्या बघितल्यात का? आता तुम्ही चढा त्या मोठ्या काट्यावर. चेहरा बघा किती उतरलाय. काय खाता?"

"काकडी," बाई खालच्या मानेनं म्हणाल्या.

"आणखी?"

"कधीकधी दुसरी काकडी."

डॉक्टरबाईंनी नुसतं मोठ्या काट्याकडे बोट दाखवलं. बाई उठल्या. परका काटा समोर आला तशी अंगातली सवय जागी झाली आणि त्या नकळत बोलून गेल्या, "आधी रिकामा काटा दाखवा."

"बघा ना, शून्यावर आहे," डॉक्टरबाई हसून म्हणाल्या.

बाईंनी बघितलं. शून्यावर होता. त्या काट्यावर चढल्या. आकडा काकडी सुरू होण्याआधी होता तिथंच होता, उलट किंचित पुढेच. म्हणजे त्यांचं काहीच उतरलं नव्हतं, आणि साहेबांचंही काहीच घटलं नव्हतं. बाई तशाच काट्यावर उभ्या राहिल्या आणि त्यांच्या डोळ्यांपुढे घरची बोळकांडी आली. गावभर रिकामे काटे तपासणाऱ्या त्यांनी घरचा काटा कधी रिकामा बघितलाच नव्हता. बघणार कशा? डोळे मिटलेले असत ना!

"रडताय कशाला?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"बाळ ठीक आहे म्हणून," बाई म्हणाल्या, आणि ते अगदी खरं होतं. पदराला, दुपट्याला, जे हाताला लागलं त्याला त्यांनी डोळे पुसले.

"ऐका. अंगावर पाजताना कुणाचं वजन भरभर उतरतं, कुणाचं शरीर दुधासाठी साठा धरून ठेवतं. दोन्ही बायका धडधाकट असतात. नीट जेवा, रोज फिरा, बाकी सावकाश होईल. आणि हे बघा, जन्मल्यापासून हा जेवढा वाढला ना, ते सगळं तुमच्याच अंगातून गेलंय. तुमचं वजन उतरतंय हो बाई, फक्त ते याच्या अंगावर चढतंय."

घरी आल्या आल्या निरीक्षकबाईंनी साहेबांना पाळण्यात ठेवलं आणि त्या बोळकांडीत गेल्या. डोळे उघडे ठेवून खाली वाकल्या. काट्यावर कुणीही नव्हतं आणि काटा शून्याच्या कितीतरी मागे जाऊन बसला होता. बाजूला शून्य जुळवायचं छोटं चाक असतं, ते बोटं लागून लागून चकचकीत झालं होतं.

"सगळ्यांनी इकडे या," बाई म्हणाल्या. हा बाजारातला तोच आवाज होता. तिघंही दुकानदारांसारखी ओळीनं उभी राहिली.

"कुणी फिरवलं?"

"मी," नवरा म्हणाला. "पण केसभरच गं. तू त्या दिवशी पलंगावर बसून रडलीस ना, मला बघवलं नाही. म्हटलं, जरासं उतरवू."

"एकदाच?"

"रोज. पियानोची तार कशी, एकदम नाही, रोज जराशीच उतरवायची असते."

"अरे, मग तू पण?" सासूबाई चमकून म्हणाल्या आणि जीभ चावली.

"पण? म्हणजे आई, तुम्ही?"

"मी काही लबाडी केली नाही," सासूबाई ताठ उभ्या राहून म्हणाल्या. "काठावरच्या मुलांना मी दोन मार्क वाढवून देतच होते, कुणाचं वाईट झालं? म्हटलं, आकडा खाली आला की काकडी सोडेल पोर आणि जेवेल नीट. तू उलट दुसरी काकडी घेतलीस!"

"आणि आज सकाळी?"

"तुझा उसासा ऐकला आणि..." दोघं एकदमच म्हणाली. आज दोघांनीही जरा सढळ हातानं फिरवलं होतं. वजन घटल्याचं ऐकून दोघंही घाबरली ती यामुळेच. आपण तर थोडंसंच फिरवलं, मग उरलेलं खरंच घटलं असणार, असं प्रत्येकाला वाटलं होतं.

"तरीही अडीच किलो होत नाही," बाईंनी हिशेब केला आणि सासऱ्यांकडे वळल्या. "बाबा?"

सासऱ्यांनी हातातली छत्री आणखी घट्ट धरली. "सूनबाई, खोटं कशाला बोलू? मी तुझ्यासाठी नाही फिरवलं. ही म्हणाली होती, शनिवारी माझं वजन उतरलेलं दिसल्याशिवाय चहात साखर मिळणार नाही. चढून झालं की चाक पुन्हा जागेवर आणायचो, आज तू लगेच परत आलीस."

"म्हणजे इतके शनिवार मी यांना साखर घालत होते ती..." सासूबाईंचा आवाज चढला. पुढचा अर्धा तास निरीक्षकबाईंना तपास बाजूला ठेवून भांडण सोडवावं लागलं.

निकाल त्यांनी जेवणाच्या टेबलावर दिला. साखर बंद. वाढीव मार्क बंद. नवऱ्यानं खात्याची पँट शिंप्याकडे नेऊन सैल करून आणायची. "कपडा माणसाच्या मापानं करतात, माणूस कपड्याच्या मापानं नाही," त्या म्हणाल्या आणि भांड्यातला भात स्वतःच्या ताटात वाढून घेतला. न बघितल्यासारखं दाखवत तिघांनीही बघितलं. मग बाईंनी काटा शून्यावर आणला, चाकावर चिकटपट्टी लावली आणि तिच्यावर सही ठोकली.

पुढच्या शनिवारी घरात सुतकी शांतता होती. सासरे काट्यावर चढले आणि न बोलता उतरून बिनसाखरेचा चहा प्यायला गेले. सासूबाई सहज म्हणून चढल्या, कारण त्यांनाही मध्यंतरी आपण बारीक झाल्यासारखं वाटत होतं. उतरल्यावर त्या हळूच म्हणाल्या, "सूनबाई, आधीचा काटाच बरा होता गं."

बाईंनी आधी रिकामा काटा बघितला. मग उघड्या डोळ्यांनी, कानातली न काढता, एकट्या चढल्या. मग साहेबांना घेऊन चढल्या. वजाबाकी केली आणि त्यांचा चेहरा असा फुलला की नवऱ्यानं विचारायचीही गरज उरली नाही. तेवढ्यात नणंदेचा फोन वाजला. सासूबाईंनी तो उचलून बाईंच्या कानाशी धरला.

"आज शनिवार ना वहिनी? किती भरलं बाळ?"

बाईंनी आकडा सांगितला. पलीकडून कौतुक झालं. मग नेहमीचा प्रश्न आला, "आणि तुझं गं?"

बोळकांडीत तिघांनीही श्वास रोखला. साहेबांनी बाईंच्या खांद्यावर लाळ गाळली.

"निव्वळ वजन सांगितलंय ना," निरीक्षकबाई म्हणाल्या. "डब्याचं वजन गिऱ्हाइकानं विचारायचं नसतं."

आणि साहेबांना कडेवर घेऊन त्या न्याहारीला गेल्या.