खालच्या मजल्यावरचा ड्रमवाला

मी मनावर घेतलं की काहीही शिकू शकतो, हे आधीच सांगून ठेवतो. आयुष्यभर चष्म्याच्या काचा घासल्या आहेत. चिकाटी मला कोणी शिकवू नये. म्हणून मुलगा दूरच्या नोकरीवर जाताना मागे ठेवून गेलेली इलेक्ट्रिक गिटार मी स्पीकरसकट कपाटावरून खाली काढली आणि त्याचं लाडकं रॉक गाणं शिकायचं ठरवलं.

बेत साधा होता. फोनवर आमचं बोलणं म्हणजे 'जेवलात का?' 'जेवलो.' 'गोळ्या?' 'घेतल्या.' 'मग ठेवतो.' संपलं! गाणं ऐकून चिरंजीव चाट पडतील, सुट्टीत घरी यायचं पक्कं करतील आणि आम्ही बापलेक एकत्र वाजवू. ही गेल्यापासून घरात माझ्याशिवाय आवाज असतो तो फ्रिजचा. फार एकटं वाटतं हो.

गाणं मात्र भलतंच लांब निघालं. आधी एकेक तार हळूच छेडायची, मग दणदणाट, मधेच सगळं चिडीचूप, पुन्हा वरच्या पट्टीत आरडाओरडा. शिवाय एकावर एक चार गिटारी! मी डगमगलो नाही. चष्म्याचा नंबर काढताना आम्ही काचेवर काच चढवतो, तसा थरावर थर चढवायचा. फोनमध्ये तशी सोय असते. एक थर वाजवून रेकॉर्ड करायचा आणि तो इअरफोनने कानात ऐकत दुसरा वाजवायचा.

एवढंच ध्यानात आलं नाही की फोन गिटारीबरोबर खोलीतलं बाकीचंही सगळं ऐकतोय.

आणि मला आपल्याशीच बोलायची सवय लागली आहे. पहिल्या थरात मी म्हणालो, "चला मंडळी, करा सुरू." दुसऱ्यात, "अरे गाढवा, खालची तार!" तिसऱ्याच्या वेळी सर्दीने नाक चोंदलं होतं, तरी खुशीत येऊन "वा बुवा, वा!" केलं. चौथ्याला खालच्या मजल्यावर शिवणकाम करणाऱ्या बाईंचा धीर सुटला. त्या झाडूच्या दांड्याने छत ठोकत ओरडल्या, "अहो, पुरे करा आता!" माझ्या कानात गाणं, त्यामुळे मला पत्ताच नाही. झालं एकदाचं म्हणून मी सगळं पुन्हा न ऐकताच मुलाला पाठवून दिलं.

लगेच फोन आला.

"बाबा, बँड काढलात आणि सांगितलं नाहीत?"

"बँड?"

"ड्रमवाला तर एकदम पक्का आहे. आणि तो सर्दी झालेला कोण? सगळ्यांत खूश तोच वाटतो."

मी तोंड उघडेपर्यंत त्याने सूनबाईंना हाक मारली. "अगं, बाबांकडे मैफल भरते!" सूनबाईंनी माझ्या बहिणीला कळवलं. बहीण तर भांडायच्याच तयारीने फोनवर आली.

"दादा, या वयात? आणि त्यातली ती बाई कोण?"

"खालच्या मजल्यावरची."

"म्हणजे रोजचीच ये-जा!"

मग मीही ते ऐकलं. खरं सांगू? घर कसं भरल्यासारखं वाटत होतं. कोणी हुकूम सोडतंय, कोणी चिडतंय, कोणी दाद देतंय, आणि बाईंचा दांडा नेमका ठोक्यावर पडतोय. मला त्या मंडळींचा चक्क हेवा वाटला.

संध्याकाळी पुन्हा मुलाचा फोन.

"बाबा, तुम्ही एकटे पडलात म्हणून आम्ही सुट्टीत तिकडे येणार होतो. तिकिटंही बघून ठेवली होती. पण आता तुमच्याकडे एवढी माणसं असतात. मग या वेळी हिच्या आईकडे जाऊन येऊ का?"

अब्रू गेली तर गेली, म्हटलं, खरं सांगून टाकू.

"अरे, इथे कोणी नसतं. ते सगळे आवाज माझेच आहेत, ठोकाठोक तेवढी खालच्या बाईंची."

मग तो इतका हसला, इतका हसला की मलाही हसावं लागलं.

"काय बाबा तुम्ही! किती दिवसांनी चेष्टा केलीत. बरं वाटलं ऐकून."

"चेष्टा नाही रे, मी खरंच एकटा..."

"त्या सर्दीवाल्यांना म्हणावं, औषध घ्या. सगळ्यांना नमस्कार सांगा. ठेवतो."

आता निरोप तर पोचवायलाच हवा. मी खोलीच्या मधोमध उभा राहिलो आणि मोठ्याने म्हणालो, "मंडळी, मुलाने नमस्कार सांगितलाय!"

खालून ड्रमवाल्याने दोनदा दांडा ठोकला. बाकीचे दोघे गप्प होते. सर्दीवाला तेवढा नाक पुसत होता.