भांड्यांवर कोरलेली इंग्रजी

रंगनाथकाकांच्या घरी मी पहिल्यांदा पाणी मागितलं, तेव्हा ते आतल्या लेकीला म्हणाले, "मंदे, रायव्हलमधून दे गं!" मी जरा घाबरलोच. प्रतिस्पर्ध्याच्या हातचं पाणी कोण पितं? पण मंदानं निमूट हंड्यातून तांब्या भरून आणला. हंड्याच्या पोटावर ठिपक्याठिपक्यांनी इंग्रजीत 'रायव्हल' कोरलेलं होतं.

"रायव्हल म्हंजे एकाच ओढ्याचं पाणी वापरणारे," काका म्हणाले. "मंग भांडणार न्हाईत तर काय करतील? मुळापासून बघा ना जरा!"

आमच्या जाफराबादची उन्हाळ्यातली नळावरची रांग ज्यानं पाहिली आहे, त्याला हे मूळ पटायला वेळ लागत नाही.

काका बाजारपेठेत भांड्यांवर नावं घालायचे. लग्नसराईत त्यांच्या छिन्नीला उसंत नसे. मंदा लहान असतानाच काकू गेलेल्या. घरात बापलेक दोघंच, आणि तिसरा एक कव्हर गेलेला कोश, इंग्रजी शब्दांची मुळं सांगणारा. तो रद्दीत मिळाला होता. रोज संध्याकाळी त्यातला एक शब्द निघायचा आणि घरच्या भांड्यावर चढायचा. मिठाच्या डब्यावर 'सॅलरी', कारण पगाराच्या मुळाशी मीठ. धान्याच्या कोठीवर 'मसल', कारण मसल म्हणजे मुळात बारका उंदीर.

"दंड फुगवा, कातडीखाली उंदीर पळतो का न्हाई ते बघा."

मी फुगवला. काकांनी निरखून पाहिलं आणि म्हणाले, "उपाशी दिसतोय बिचारा."

नव्वद सालच्या आसपास मंदाचं लग्न पिंपळगाव रेणुकाईला ठरलं. लेकीच्या भांड्यांवर बापानं नाव घालायची आपल्याकडे रीतच आहे. काका हरखून म्हणाले, "एकावन्न भांडी, एकावन्न शब्द!"

दुसऱ्या दिवशी मंदा माझ्याकडे आली. "तुम्हीच सांगा आबांना. सासरचे हसतील. मला येडी म्हणले तर चालंल, पण आबांना येडं म्हणलेलं मला बिलकुल न्हाई चालायचं."

असली कामं नेमकी शेजाऱ्याच्याच गळ्यात पडतात. मी चाचरत सांगितलं. काकांनी हातातली छिन्नी खाली ठेवली. एक कोरं ताट पुसून बाजूला ठेवत म्हणाले, "बराबर हाय पोरीचं." एकावन्न भांड्यांवर सरळ मराठीत 'चि. मंदा हिस, आबांकडून' एवढंच आलं. लग्नात कोणी हसलं नाही.

त्यानंतर शेजारून संध्याकाळची टकटक ऐकू येईना. न राहवून मी विचारलं.

"कोणासाठी कोरू?" काका म्हणाले. "पोरगी सहावीत इंग्रजीत नापास झाल्ती म्हणून सुरू केलं. ती पास झाली, मला मात्र खोड लागली. आता ऐकायला कोण हाय?"

मला फार वाईट वाटलं. निरोप पोचवणारा मीच होतो ना!

लग्नानंतर पंधरा दिवसांनी मंदा नवऱ्याला घेऊन माहेरी आली. पिशवीतून तिनं भाकरीचा नवा डबा काढून बापापुढे ठेवला. "तिथली भांडी मुकी हायेत, आबा. मला करमंना. मंग मीच सांगून टाकलं सासूबाईंना तुमचं सगळं."

"हसल्या असतील."

"हसल्या की! अन् म्हणल्या, आमच्या डब्यावर बी घालून आण एक."

काकांनी कोश उघडलासुद्धा नाही. चष्मा पुसला, पुन्हा पुसला आणि छिन्नी उचलली. अक्षरं जरा वाकडी आली, पण आली. 'कंपॅनियन'. मग जावयाकडे वळून म्हणाले, "ह्यातलं 'कम' म्हंजे सोबत, अन् फुडचा तुकडा म्हंजे भाकर. सोबत बसून भाकर खातो, तो कंपॅनियन."

"मंग?" मंदानं विचारलं.

"मंग काय," काका गुडघ्यावर हात टेकून उठत म्हणाले, "ताटं घे जल्दी. पंधरा दिवस झाले, एकलाच खाऊन राह्यलो."