पपईच्या पाण्यातली कवळी

सूनबाईंनी संशोधनाला पपईच्या बिया निवडल्या आणि शिक्षा सासऱ्यांना झाली. बियांतून डाग खाणारं एन्झाइम काढायचं, तर पपया फोडायला हव्यात. आणि फोडलेली पपई टाकणं सासूबाईंच्या रक्तात नव्हतं. सकाळी पपई, दुपारी पपई. सासऱ्यांच्या कानाच्या पाळ्या केशरी झाल्यात, असं शेजारी सांगत. त्यातलं निम्मं खरं धरावं.

"बाबा, उद्या साहेब चाचणी बघणार. फसली तर हे काम कायमचं बंद," सून म्हणाली.

"अरेरे," म्हणत सासरे मनातल्या मनात नाचले.

नेमका प्रयोगशाळेतला फ्रिज बिघडला, म्हणून सुनेनं अर्काचा पेला घरच्या फ्रिजमध्ये ठेवला. आता सासऱ्यांची एक सवय. झोपताना कवळी फ्रिजमधल्या पेल्यात सोडायची. "दात थंड, तर डोकं थंड." पाण्याचा पेला सासूबाई भरून ठेवत. त्या दिवशी हाताला लागला तो दुसराच.

सकाळी सुनेनं फ्रिज उघडला, तर पेल्यातून कवळी तिच्याकडे बघून हसत होती.

"बाबा, हे काय केलंत?"

"दात माझेच आहेत. पाण्याचं मला ठाऊक नाही," सासरे बोळक्या तोंडानं म्हणाले.

"सगळा अर्क एवढाच होता हो. आता साहेबांना काय दाखवू?"

तिचे डोळे भरलेले बघून म्हातारा विरघळला. कवळी खळखळून धुतली, तोंडात बसवली. "चल. चूक माझी, बोलणी मी खातो."

साहेबांसमोर त्यांनी तोंड उघडलं. "साहेब, पोर गुणाची आहे, गाढव मी..."

साहेब ऐकतच नव्हते. जन्मभराच्या चहानं काळवंडलेली कवळी अशी लखलखत होती, की साहेबांना तीत स्वतःचा टाय दिसला. त्यांनी तो सरळ केला.

"कशानं घासता?"

"घासतो कुठला? हिच्या पपईच्या पाण्यात पडली होती."

साहेबांनी आवाज खाली आणला. "थोडं उरलंय का? माझीही कवळीच आहे. बोलू नका कुठे."

काम बंद पडायचं राहिलं, दुप्पट झालं. पुरावा म्हणून कवळी तेवढी साहेबांनी ठेवून घेतली.

दुसऱ्या दिवशी दारात पपयांचा टेम्पो उभा राहिला. बिया सुनेच्या डब्यात गेल्या, फोडींची परात सासऱ्यांपुढे आली.

"आज दुसरं काही नाही का?" त्यांनी हळूच विचारलं.

"दात आहेत का दुसरं काही चावायला?" सासूबाई म्हणाल्या. "पपई मऊ असते. घ्या."