मूळ नकाशाप्रमाणे

दिवाणखान्यातली सरकती काच सरकेना, एवढंच खरं तर निमित्त झालं. काटकोन मास्तरांनी तिला आधी हाताने, मग खांद्याने आणि शेवटी तेलाने समजावून पाहिलं. काच जागची हलली नाही. हलली ती तिच्या शेजारची प्लायवूडची भिंत. आणि त्या भिंतीला पडलेल्या फटीतून मास्तरांना पलीकडे, निजायच्या खोलीतल्या कपाटामागे झाकली गेलेली आणखी काच दिसली.

काटकोन हे नाव विद्यार्थ्यांनी दिलेलं. पस्तीस वर्षं त्यांनी तंत्रशाळेत ड्रॉइंग शिकवलं होतं आणि फळ्यावर एक जरी रेघ तिरकी गेली तरी त्यांना जेवण जात नसे. घर वडिलांनी बांधलेलं, बासष्ट वर्षांपूर्वीचं, त्या काळी अगदी नव्या वळणाचं: बसकं, सपाट छपराचं, नक्षीचा कुठे पत्ता नाही, भिंतीतच बसवलेली लाकडी कपाटं, पायाखाली मोझॅक आणि बागेकडची अख्खी बाजू काचेची. पुढे त्यावर संसाराची पुटं चढली. पार्टिशन आलं, खोटं छत आलं, कपाटांवर सनमायका आला, मागच्या दारी पत्र्याची शेड आली. आपण काचेच्या घरात राहतो हे मास्तर विसरूनच गेले होते.

बायको चार महिन्यांपूर्वी लेकीच्या बाळंतपणाला विमानाने गेली होती. या चार महिन्यांत मास्तरांशी कुणी भांडलं नव्हतं. सकाळचं वर्तमानपत्र त्यांना कोऱ्या घडीचं वाचायला मिळे आणि ते वाचताना चोरी केल्यासारखं वाटे. टीव्हीचा रिमोट त्यांच्याच हातात असे. म्हणून टीव्ही लावावासा वाटेना. फटीतून ती काच दिसली आणि मास्तरांच्या मनात एक कल्पना आली. ती परत येईल तेव्हा घर अगदी तसं करून ठेवायचं, जसं ती लग्न होऊन आली तेव्हा होतं. तिला काही सांगायचं नाही. दार उघडून उभं राहायचं फक्त.

ट्रंकेतून वडिलांचा निळा नकाशा निघाला आणि नकाशामागोमाग घरात आर्किटेक्ट बाई आल्या. जुनी घरं न दुखावता बरी करणं हाच त्यांचा धंदा. त्यांनी बॅग ठेवायच्या आधी भिंतीला कान लावला, टिचकी मारली आणि पार्टिशनकडे बोट दाखवलं.

"हे कुणी केलं?"

"वडिलांनीच."

"स्वतःच्याच घरावर?" बाईंनी सुस्कारा सोडला. मग पातळ पात्याने त्यांनी मूळ भिंतीवरच्या रंगाचे सात थर एकेक करून सोलले. सगळ्यात तळाशी मोहरीसारखा पिवळा निघाला, तेव्हा त्यांचा आवाज कापरा झाला. "मास्तर, आपण नवीन काही करायचं नाही. जुनं मोकळं करायचं."

"मोकळं म्हणजे तोडायचं ना?" बाईंबरोबर आलेल्या सुताराने विचारलं.

"तोडायचं नाही. सोडवायचं."

"बरं, सोडवतो," म्हणून सुताराने मोठा हातोडा उचलला.

पार्टिशन सुटलं. ते खोट्या छताला धरून होतं, म्हणून छतही सुटलं. छताबरोबर दिवे गेले, दिव्यांबरोबर कपाटांवरचा सनमायका गेला. मग काचेतून बाग नीट दिसू लागली, आणि नीट दिसल्यावर ती बाईंना बघवेना. नकाशात होती चौकोनी दगडांची पायवाट, खडी, एक उथळ पाण्याचं कुंड आणि एकच झाड. प्रत्यक्षात होत्या रंगाच्या डब्यांत आणि फुटक्या बादल्यांत लावलेल्या बायकोच्या त्रेचाळीस कुंड्या.

"यांचं एक पान तुटलं तरी मला घराबाहेर राहावं लागेल," मास्तर म्हणाले. म्हणून सगळ्या कुंड्या शेजारच्या निवृत्त नर्सबाईंच्या अंगणात पोचल्या.

खरी पंचाईत रोज संध्याकाळी पाचला व्हायची. पाचला बायकोचा व्हिडिओ कॉल यायचा आणि मास्तरांच्या मागे दिसायला जुनं घर रोज थोडं कमी उरायचं. शेवटी फ्रिजमागची चार फुटांची भिंत तेवढी राहिली.

"तुम्ही हल्ली सारखे फ्रिजपाशी का बसता?"

"थंड वाटतं."

"अहो, पण स्वेटर घातलाय तुम्ही!"

"म्हणूनच घातलाय."

दुसऱ्या दिवशी तीही भिंत खरवडायला घेतली. मग सुतार कपाटाचं एक जुनं दार मास्तरांच्या मागे धरून उभा राहिला. नातीचं बाळसं, तिचे डोळे, ती झोपेत कशी हसते, सगळं ठीक चाललं होतं. तेवढ्यात दारामागची भुशाची धूळ सुताराच्या नाकात गेली.

"कोण शिंकलं?"

"कुणी नाही. कपाट."

"कपाट शिंकलं?"

"जुनं झालंय ना ते," मास्तर म्हणाले आणि त्यांनी फोन बंद केला.

आता उपाय एकच होता. नर्सबाईंचं घर त्याच बिल्डरने त्याच नकाशावर बांधलेलं. पुढे मास्तरांकडचं बघून घातलेलं पार्टिशन तसंच, खोटं छत तसंच, सनमायकाचा रंगही तोच. उलट फ्रिजपेक्षा हे फारच खात्रीचं. पाचला पाच कमी असताना मास्तर त्यांच्या सोफ्यावर जाऊन ताठ बसले.

"आज घर कसं आवरलेलं दिसतंय!" बायको खूश झाली. मास्तरही खूश झाले. पस्तीस वर्षं शिकवलं, पण इतकी सुबक आकृती त्यांच्या हातून उतरली नव्हती. आणि आतून घरगुती गाऊनमध्ये नर्सबाई चहा घेऊन आल्या.

"मास्तर, साखर नाही घातली हं. तुमची शुगर आता मला तोंडपाठ झालीय!"

बायकोने फोन डोळ्यांजवळ घेतला.

"त्या कोण?"

"त्या... आल्यात."

"कुठे?"

"घरी."

"कुणाच्या?"

मास्तरांना खोटं बोलायची सवय नव्हती. दोन दिवसांत जमलं होतं तेवढं सगळं संपलं होतं. "त्यांच्या," ते म्हणाले.

"म्हणजे तुम्ही तिच्या घरी बसलाय. गाऊनमध्ये ती चहा देतेय. आणि अहो, मागे दारातून दिसतायत त्या माझ्या कुंड्या ना?"

"त्यापण इथेच आणल्यात," मास्तर म्हणाले. आपण किती काळजी घेतली हे तिला कळावं म्हणून त्यांनी पुढे सांगितलं, "सगळ्या. एकही मागे ठेवली नाही."

फोन बंद झाला. मास्तरांनी त्या दिवशी अकरा वेळा लावला, दुसऱ्या दिवशी सतरा वेळा. तिने उचलला नाही. पाच वाजले की ते रिकाम्या पिवळ्या खोलीच्या मधोमध स्टुलावर जाऊन बसत आणि हातातल्या फोनकडे बघत राहत. आता मागे काहीही दिसलं तरी चाललं असतं. तिचा रागावलेला आवाजसुद्धा चालला असता. सुतार त्या वेळेपुरता रंधा थांबवायचा. तिसऱ्या दिवशी लेकीचा मेसेज आला: 'बाबा, आई उद्याच्या विमानाने निघतेय. तुम्ही नक्की केलंय तरी काय?'

मग एकच धावपळ उडाली. बाईंनी स्वतः काचा पुसल्या, सुताराने कुंडात पाणी सोडलं, आणि मास्तरांनी गुडघ्यांवर बसून मोझॅक असं घासलं की त्यात त्यांचा स्वतःचाच घाबरलेला चेहरा दिसू लागला.

टॅक्सी आली आणि घरावरून सरळ पुढे गेली. बायकोला आपलं घर ओळखूच आलं नाही; ओळखीचं दिसलं त्या शेजारच्या घरापाशी ती उतरली आणि तिने नर्सबाईंची घंटा दाबून धरली. तिथे काय बोलणं झालं ते मास्तरांना ऐकू आलं नाही, हातवारे दिसले. सुरुवातीला दोन्ही बाजूंनी होते, मग फक्त नर्सबाईंचे, आणि शेवटी नर्सबाईंनी हात लांब करून मास्तरांच्या घराकडे बोट दाखवलं.

बायको फाटकातून आत आली. "कुंड्या आधी इकडे आणा," ती म्हणाली. मास्तर लगबगीने निघाले. "तुम्ही नाही. सुतारांना पाठवा."

आणि मग तिने घर पाहिलं. दुपारचं ऊन अख्ख्या काचेतून आत येऊन पिवळ्या भिंतीवर पसरलं होतं. ती मधोमध उभी राहिली.

"तू लग्न होऊन आलीस ना," मास्तर हळूच म्हणाले, "तेव्हा अगदी असंच होतं. म्हटलं, तुला पुन्हा..."

"मी आले तेव्हा?" बायकोने त्यांच्याकडे वळून पाहिलं. "अहो, मी आले तेव्हा ते पार्टिशन होतंच की. मामंजींनी लग्नाच्या आधी महिनाभर घालून घेतलं होतं. तुम्ही तेव्हा नोकरीच्या ट्रेनिंगला होतात. एवढ्या उघड्या खोलीत नवं जोडपं निजणार कुठे? आपल्यासाठीच घातलं होतं ते. ताज्या पॉलिशचा वास यायचा नुसता!"

तो वास मास्तर चाळीस वर्षं लग्नाचा समजत आले होते.

आर्किटेक्ट बाईंनी तोंडावर हात ठेवला. दारात दोन कुंड्या घेऊन उभा असलेला सुतार बाहेरच थबकला. मास्तर नकाशा उघडून पुन्हा पुन्हा बघू लागले, जणू चूक त्यात सापडणार होती. असं घर त्यांना इतकं नीट आठवत होतं, ते मग कुणाचं? पिवळी भिंत, गार मोझॅकवर पालथं पडून काढलेली खडूची चित्रं, आणि काचेशी पाठमोरी बसलेली आई. लग्नाच्या खूप आधीचं होतं ते. बायकोची वाट बघता बघता त्यांच्या हातातला खोडरबर जरा जास्तच मागे फिरला होता.

"पुन्हा घालूया पार्टिशन," ते खालच्या आवाजात म्हणाले. "हे तर आईच्या वेळचं घर झालं. फळ्या आहेत मागे."

"थांबा." बायकोने चपला काढल्या आणि अनवाणी त्या गार फरशीवरून ती काचेपर्यंत गेली. "सासूबाई इथे बसायच्या?"

"या पायरीवर. पाय बागेत सोडून. रोज दुपारी."

"मी आल्यापासून त्या कायम स्वयंपाकघरात, तिथल्या पंख्याखाली. वीस वर्षं मला वाटायचं, बाई माझ्यावर रुसलीय. ही पायरी पार्टिशनने आपल्या खोलीत आली, त्यांची बसायची जागाच मी घेतली होती की हो!" ती थोडा वेळ बागेकडे बघत राहिली. "एका शब्दाने बोलल्या नाहीत. मीसुद्धा कधी विचारलं नाही."

मास्तरांनी नकाशाची घडी घातली. "मग काय करायचं?"

"राहू दे असंच." ती पायरीवर बसली, पाय बागेत सोडले, आणि पदर सावरून जरा अंग चोरून एका बाजूला सरकली; शेजारी आणखी कुणाला बसायला जागा राहील इतकी. मास्तर तिथे बसायला वाकले, तशी तिने हाताने त्यांना अडवलं.

"तुम्ही पलीकडून बसा," ती म्हणाली. "ही जागा सासूबाईंची. त्या असताना मला त्यांच्या घरात राहायला जमलं नाही. आता बघते जमतंय का."