बिननावाची काडेपेटी

माझं अक्षर किरटं आहे. ऱ्हस्व-दीर्घ मला चौथीपर्यंत जमलं नाही आणि चौथीनंतर शाळाच सुटली. चुका दिसतील, त्या पोटात घालाव्यात. पण उखाभाऊंबद्दल कुणीतरी लिहायला हवं होतं.

उखाभाऊ दुरुस्त केलेली प्रत्येक वस्तू गिऱ्हाइकासमोर जमिनीवर पाडायचे.

धुळ्यात आमच्या दारासमोर, जिन्याखाली त्यांचं दुकान होतं. सीडी प्लेअर आणि हातातले ठोकळ्यांचे गेम दुरुस्त करायचे. गेम टूं टूं वाजायला लागला की गिऱ्हाईक हात पुढे करायचं, आणि उखाभाऊ छातीच्या उंचीवरून गेम फरशीवर सोडून द्यायचे. सेल एकीकडे, झाकण दुसरीकडे. गिऱ्हाईक डोळे मिटून घ्यायचं. ते शांतपणे म्हणायचे, "आठे पडं तं मी शे. घरमा पडं तं कोन शे?" इथे पडला तर दुरुस्त करायला मी आहे, घरी कोण, असा त्यांचा हिशेब. पुन्हा जोडून चालला तरच पैसे घ्यायचे. सीडी प्लेअर मात्र वीतभर उंचीवरूनच.

दुसरी खोड काडेपेट्यांची. यंत्राच्या पोटातून जे निघेल ते रिकाम्या काडेपेटीत घालायचं, वर मालकाचं नाव लिहायचं आणि येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवायचं. शिंपीणकाकू, बडीशेप. मास्तर, झुरळं दोन. मास्तर तेव्हापासून लांबच्या रस्त्याने शाळेत जायला लागले.

माझी एकुलती लेक लग्न होऊन सुरतेला गेली. लग्नाची सीडी आली, पण आमच्याकडे प्लेअर नव्हता. जळगावच्या माझ्या जेठांनी, म्हणजे थोरल्या दिरांनी, त्यांचा नवाकोरा प्लेअर आठ दिवसांसाठी दिला. मी रोज दुपारी लेकीला बघायची. मधेच खंडेनवमी आली. घरातली विळी, कात्री, शिवणयंत्र पुजलं. मग वाटलं, ज्या डब्यातून लेक दिसते तो का सोडायचा? बटण दाबलं, सीडी ठेवायची थाळी बाहेर आली. तिलाही हळदकुंकू लावलं, अक्षता वाहिल्या. संध्याकाळी सगळं पुसून घेतलं.

दुसऱ्या दिवशी आतून करकर आवाज आला आणि लेक हळद लावून घेता घेता थांबली.

प्लेअर उखाभाऊंकडे दिला. चार दिवसांनी जेठ तो न्यायला आले. मी पदर सावरत मागे उभी राहिले. त्यांच्यासमोर मी कधी तोंड उघडत नसे. उखाभाऊंनी खोललेला प्लेअर पुढे ठेवला, सीडी काढून माझ्या हातात दिली. तिच्यावर गोल ओरखडा होता.

"मना हातमाईन पडना," ते म्हणाले. "आतला भिंग गया. भरी देस."

"सगळं गाव सांगतं तुला, उखा, पाडू नको म्हणून," जेठ म्हणाले. "तीन हजार मोजलेत मी."

तेव्हा मी तोंड उघडलं. जन्मात पहिल्यांदा चारचौघांत बोलले, तेही उखाभाऊंना. म्हणाले, "तुमच्या घरात लेक असती तर कळलं असतं काय पाडलं ते."

उखाभाऊंची बायको बाळंतपणात गेली होती, मूलही राहिलं नव्हतं. हे मला माहीत होतं. त्यांनी मान खाली घालून स्क्रू गोळा केले. पुढे महिन्याच्या महिन्याला जेठांना मनीऑर्डर करत राहिले. मी त्यांच्या दुकानाकडे बघणं सोडलं.

वर्षभराने एकदा लक्षात आलं, चार दिवसांत समोर काही पडल्याचा आवाज नाही. जाऊन पाहिलं तर दुकानामागच्या खोलीत तापाने फणफणले होते. पेज करावी म्हणून स्टोव्ह पेटवायला काडेपेटी शोधू लागले. पहिली उघडली, बडीशेप. दुसरी उघडली, झुरळं. तिसरीत चाराण्याचं नाणं. एकाही पेटीत काडी नाही.

एका पेटीवर नाव नव्हतं, नुसतं 'दसरा' लिहिलेलं. आत प्लास्टिकचं दातेरी चक्र होतं. त्याच्या दातात कुंकवाने लाल झालेला तांदळाचा दाणा अडकला होता.

मी पेटी घेऊन त्यांच्या उशाशी गेले. विचारलं, "भाऊ, सांगितलं का नाही?"

"तुमी जेठसमोर मान वर करत नहीत," ते डोळे मिटूनच म्हणाले. "मनं काय. उखा पाडस, बठ्ठा गावले माहीत शे."

"आणि मी बोलले ते?"

"पेज करा, अक्का."

पापड लाटले, गोधड्या शिवल्या. त्यांनी जेठांना भरलेले पैसे दर महिन्याला थोडे थोडे नेऊन द्यायची. ते नको म्हणायचे, मी गल्ल्यावर ठेवून यायची. दोन वर्षं लागली. शेवटच्या दिवशी घरून निघताना ठरवलं होतं, ते वाक्य आज परत घ्यायचं. मनात जुळवणीही केली होती. उखाभाऊंनी नोटा दोनदा मोजल्या. ती बिननावाची पेटी काढली, दाणा माझ्या तळहातावर ठेवला आणि रिकामी पेटी पुढच्या गिऱ्हाइकासाठी बाजूला सारली.

"भाऊ," मी म्हणाले. तेवढ्यात एक बाई गेम न्यायला आली. उखाभाऊ उभे राहिले, गेम छातीपर्यंत उचलला आणि सोडून दिला. सेल घरंगळत माझ्या पायाशी आला. मी तो उचलून त्यांच्या हातात दिला आणि घरी आले.

पैसे पूर्ण फिटले होते.