गोविंदबुवांची मासेतपासणी

गळ्यात तुळशीची माळ आणि हातात मासे धरायचा गळ, असा माणूस मी एकच पाहिला. गोविंदबुवा.

महाराष्ट्र राज्य नवं नवं झालं होतं आणि मी धामणगाव बढ्याजवळच्या एका खेड्यात मास्तर म्हणून रुजू झालो होतो. बुवा माझे शेजारी. रोज संध्याकाळी ते तळ्यावर बसत. मासा लागला की त्याचे डोळे पाहत, कल्ले उघडत, अंगाचा वास घेत आणि "बेस हाये. जाय घरी!" म्हणून पाण्यात सोडून देत.

"बुवा, माळकऱ्यानं मासे धरावेत?"

"धरत नाई गुरुजी, तपासतो. डाक्टर का पेशंटले खाते?"

पूर्वी सारं गाव दोरांसाठी अंबाडीच्या पेंढ्या त्या तळ्यात कुजत घाली. बुवाही घालत, चांगल्या चार-चार गाड्या. पाणी काळं झालं, बैलसुद्धा तोंड फिरवू लागले आणि एके दिवशी सगळे मासे उलटे होऊन तरंगले. तेव्हा कुठे अंबाडी ओढ्यातल्या खड्ड्यात हलली. आता तळं हळूहळू निवळत होतं आणि बुवांनी स्वतःच स्वतःला त्याचा वैद्य नेमलं होतं. माशाला इजा नको म्हणून गळाचा उलटा काटा त्यांनी कानशीनं घासून टाकला होता. त्यामुळे दहातले नऊ पेशंट तपासणीआधीच पळत.

एका वर्षी ओढा लवकर आटला. 'या साली अंबाडी तळ्यातच टाकू,' असं पारावरच्या बैठकीत ठरत आलं, तेवढ्यात बुवा बादली घेऊन हजर. आत हातभर रोहू.

"सरपंच, याच्या तोंडावर सांगा, तुह्या घरात घान टाकतो म्हनून!"

सरपंच वाकले. रोहूनं उसळी मारली ती थेट त्यांच्या मांडीवर! परीटघडीचं धोतर चिंब झालं, सारा पार हसून लोळला. धोतर पिळत सरपंच म्हणाले, "ओढ्यातला खड्डाच खोल करा बे! पन याले पयले न्या!"

"सरका, सरका! पेशंट घाबरला!" म्हणत बुवा बादलीसकट तळ्याकडे धावले.

त्यानंतर आठवड्यानं ते बायकोला, म्हणजे आमच्या काकूंना, हाताला धरून तळ्यावर घेऊन आले. काकूंची नजर अधू झालेली, त्या घराबाहेर क्वचितच पडत. माहेर मात्र पूर्णेकाठचं. बुवांनी गळ त्यांच्या हाती दिला. मी नीट टेकतो न टेकतो तोच काकूंनी मासा बाहेर काढला. बुवांनी सवयीनं हात पुढे केला.

"सोडू?"

"काऊन? म्या तपासाले नाई धरला."

मी हसलो. बुवा हसले नाहीत. हळूच म्हणाले, "तीस वर्सं झाले, गुरुजी. आमच्या घरात चालत नाई म्हनून हिनं मासा सोडला. म्या कदी इचारलंच नाई."

त्या संध्याकाळी त्यांच्या परसात तीन दगडांची चूल पेटली. उपरण्यानं नाक बांधून बुवा रस्सा ढवळत होते आणि काकू बाजेवरून हुकूम सोडत होत्या, "तिखट टाका! आनखी टाका!"

जेवायला बसल्यावर मात्र काकूंना काटे दिसेनात. बुवांनी नाकावरचं उपरणं सोडलं, ताटाजवळ मांडी घातली आणि कंदिलाशी धरून एकेक काटा वेचू लागले. साफ केलेला घास त्यांनी काकूंच्या तळहातावर ठेवला.

"जमला का वं?"

"मीठ कमी हाये," काकू म्हणाल्या आणि हात पुन्हा पुढे केला.