चारशे बारा इशारे आणि शिवकांताकाकूंच्या गोधड्या

"संध्याकाळपर्यंत एक लाल खूण शिल्लक ठेवत न्हाई!" लातूरच्या मल्लिनाथनं फोनवर छातीठोकपणे सांगितलं.

पलीकडे उमरीची महामाया होती. गल्लीला नळाचं पाणी कधी येणार ते मेसेजनं कळवणारा प्रोग्रॅम दोघांनी मिळून लिहिला होता. फुकट आणि खुला. कुणीही बघावा, कुणीही सुधारावा. त्यातल्या चुका शोधायला असंच एक खुलं तपासणी-साधन लावलं, अन् ते पहिल्याच दिवशी लाल खुणा करत चारशे बारा वेळा ओरडलं: 'हा आकडा इथं का?' आठवड्याचे सात दिवस, तासाची साठ मिनिटं, सगळ्यांवर संशय! परीक्षेच्या भरारी पथकासारखं ते प्रत्येकाचे खिसे तपासत होतं.

"एकेक इशारा वाचा, दादा. एखादा खरा असंल."

"तासाला साठ मिनिटं असतात का, हे वाचत बसू?"

त्यानं साधनातला आकड्यांना हटकणारा तो नियमच बंद केला. सगळं हिरवंगार!

पाणी दर नऊ दिवसांनी यायचं. तेवीस फेब्रुवारीला येऊन गेलं, अन् मेसेज गेला: 'पुढचं पाणी १ मार्चला.' शेजारच्या शिवकांताकाकूंनी आदल्या दिवशी साठवलेल्या पाण्यात नऊ गोधड्या धुतल्या. गल्लीनं टाक्या घासून पालथ्या घातल्या. एक तारखेला नळातून आली नुसती हवा!

"मल्लू, पाणी कुठाय रे लेकरा?" काकूंनी विचारलं.

मल्लिनाथनं घाईघाईनं नियम चालू केला. दोनशे सदतिसावा इशारा: 'हा ३१ इथं का?' त्यानं फेब्रुवारीलाही एकतीस दिवस देऊन टाकले होते! पाणी खरं तर चार तारखेला होतं.

"आता तरी वाचले का सगळे?" महामायेनं विचारलं.

"वाचायलोय."

बरोबर असलेल्या प्रत्येक आकड्याशेजारी त्यानं कारण लिहिलं, मगच तेवढा इशारा गप्प केला. मधेमधे टँकरवरून काकूंच्या घागरी आणल्या. दोन दिवस गेले. खरा इशारा तो एकच निघाला. पण उरलेल्या चारशे अकरांचा त्याला आता राग येईना. बिचाऱ्यांनी नुसतं विचारलं होतं; उत्तर द्यायचा कंटाळा त्याचाच होता.

दुरुस्त मेसेज गेला: 'पाणी ४ मार्चला, सकाळी सहाला.'

चार तारखेला ठीक सहाला धो धो पाणी आलं. अख्ख्या गल्लीत नळाखाली बॅरल एकच, मल्लिनाथचं! त्यानं काकूंचं दार बडवलं.

"काकू, मेसेज बघितला न्हाई का?"

"बघितला की!" काकू जांभई देत म्हणाल्या. "तुझाच मेसेज ना? म्हणून तर निवांत झोपले!"